तीच रेघ पुन्हा

४ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभरात दुकानात कोण आलं, कोण काय बोललं, हे संध्याकाळी घरी येऊन सांगायची मला सवय आहे. ही आतल्या खोलीत अक्षरं कापायच्या कटर मशीनपाशी असते, मी पुढे काउंटरवर. त्यामुळे पुढची गंमत हिला कळत नाही. मग घरी चहा घेता घेता मी सांगतो. आजही चहा घेऊन बसलो, ‘अगं ऐक’ म्हणून सुरुवातही केली, आणि समोर खुर्चीवर फक्त इस्त्रीचे कपडे. म्हणून लिहून ठेवतोय. परत आली की वाचून दाखवीन.

सासूबाईंचा पाय मुरगळला म्हणून ही काल माहेरी गेली. सकाळी बसमध्ये बसलं की जेवायच्या वेळेला पोचतं. मोठी बॅग नेली. मुरगळलेल्या पायाला एवढी मोठी बॅग कशाला, असं मी म्हटलं. ही म्हणाली, “असू दे.” सासूबाईंचा फोन कधी आला तेही मला कळलं नाही. वाजलेला ऐकू आला नाही. माझी झोप गाढ.

परवा शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नवा दवाखाना उघडतायत. काचेच्या दारांवर नाव, वेळा, आत कुठे काय आहे त्याच्या पाट्या, सगळं चिकटणाऱ्या रंगीत व्हिनाइलमध्ये कापून हवंय. सतरा तारखेला दवाखाना सुरू. मी म्हटलं, “होऊन जाईल.” त्या गेल्यावर ही आतून येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, “कोण करणार?” मला हसू आलं. म्हटलं, “कोण म्हणजे काय?” हीसुद्धा हसली असावी, मी तेव्हा रोल गुंडाळत होतो.

तरी जायच्या आधी बसून सगळी मांडणी कॉम्प्युटरवर करून ठेवून गेली. “फक्त कापायचं राहिलंय,” म्हणाली. फक्त कापायचं म्हणजे काहीच नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

आज कापायला घेतलं. मशीन कसं चालवायचं ते मला येतं, म्हणजे बघून बघून माहीत आहे. रोल लावायचा, ब्लेड बसवायचं, फाइल उघडायची, सोडून द्यायचं. बाकी काम मशीनच करतं.

फाइल उघडल्यावर आधी मी काळजी घेतली. हिची मेहनत आहे, आपल्या हातून काही पुसलं गेलं तर काय घ्या, म्हणून सगळं निवडून एक प्रत काढायला गेलो. बटणं दाबली, पडद्यावर काही उमटलं नाही. नाद सोडला, फाइल सेव्ह केली आणि मशीनला सोडली.

सुरेख कापायला लागलं. डॉक्टरीणबाईंचं नाव संपलं, मी रोल काढायला हात पुढे केला, तर मशीनची मुंडी टुणकन परत सुरुवातीला आली आणि तेच नाव पुन्हा कापायला लागली. अगदी त्याच रेघांवरून. मी बघतच राहिलो. दुसऱ्या फेरीत ब्लेड खालच्या कागदातसुद्धा गेलं. नको असलेलं व्हिनाइल उचलायला गेलो तर कागद फाटून वर आला आणि वेळांची बारीक अक्षरं माझ्या बोटांना चिकटली. ‘सायंकाळी’मधला ‘सा’ अजून माझ्या बाहीवर आहे.

पुन्हा केलं. पुन्हा दोनदा. हिला फोन करावा की नको? नको. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईला मशीनचं काय सांगायचं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारचा झेरॉक्सवाला येऊन बघून गेला. म्हणाला, “आंधळा मागतो एक डोळा, तशी गत झालीय तुमची. एक रेघ मागितली, दोन मिळतायत. तक्रार कसली?”

मी म्हटलं, “माझ्या डोक्याला ताप झालाय आणि तुला थट्टा सुचतेय.”

“तसं नाही,” तो म्हणाला. “मशीन तुमच्याबरोबर राहून तुमच्यासारखं झालंय. एक गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.”

नवं ब्लेड बसवलं. दोनदाच कापतंय, आता जास्त धारदार.

संध्याकाळी शेवटी फोन केला. सासूबाईंनी उचलला. धाप लागली होती. मी घाबरलो. त्या म्हणाल्या, “काही नाही हो, आत्ताच बाजारातून आले, जिना चढले ना.” मला फार बरं वाटलं. चार दिवसांत माणूस जिना चढतंय म्हणजे पाय उत्तम सुधारतोय. ही बाहेर गेली होती. आली की फोन करायला सांगते म्हणाल्या. विसरल्या असतील.

९ फेब्रुवारी, शनिवार

मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीनला कान लावला, मुंडी हाताने हलवली, पाठीमागचं झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाला, “आतली सर्किटची पाटी गेलीय. नवीन मशीन घ्या.” तोवर ब्लेडचा दाब कमी करून काम भागवा म्हणाला.

दाब कमी केला. दोन हलक्या फेऱ्या मिळून एक नीट फेरी होते, असं त्याचं गणित. मोठी अक्षरं निघाली. बारीक अक्षरांच्या कडांना दोरे सुटल्यासारखं दिसतंय. ही असती तर असं काम दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं. एकदा एका बेकरीच्या नावातली एक वेलांटी जराशी फाटली होती. नखाखाली झाकावी एवढीशी गोष्ट. हिने सगळं नाव पुन्हा कापलं. मी तेव्हा वैतागलो होतो. आज त्या वेलांटीची आठवण झाली आणि कापलेला तुकडा उगाच हातात धरून बसलो. व्हिनाइलचा वास डोक्यात जातो, त्याचा परिणाम.

१० फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद, पण घरी करमेना म्हणून गेलो. आतल्या खोलीत हिच्या स्टुलावर बसलो. आजवर तिथे उभा राहिलोय, बसलो नव्हतो. स्टूल एका पायाने डुगडुगतं, खाली कागदाची घडी घालून ठेवलीय. समोर भिंत. भिंतीवर हिने जुन्या कामांतली उरलेली अक्षरं चिकटवलीत: एक निळा ‘क्ष’, दोन ‘ळ’, एक उद्गारचिन्ह. ‘ळ’ला हिच्याइतकं वळण कोणी देत नाही, हे मला माहीत होतं, पण असं निवांत बसून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात झेरॉक्सवाला पुढून डोकावला आणि रस्त्यावरच्या कोणाशी तरी बोलत राहिला, ‘मालक एकटेच आहेत, बाई माहेरी गेल्यात, बघू किती टिकतात.’ अगदी हळू बोलत होता. आत बसून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

मग मी मुद्दाम त्याला काउंटरपाशी उभं केलं आणि म्हटलं, नेहमीसारखं बोल. आत येऊन बसलो. सगळं ऐकू येतं. पंखा चालू असतानासुद्धा.

म्हणजे मी संध्याकाळी घरी येऊन जे सांगायचो ते हिने दिवसा आधीच ऐकलेलं असायचं. इतकी वर्षं. आणि तरी ‘मग?’ म्हणायची, ‘मग तो काय म्हणाला?’ म्हणायची, योग्य ठिकाणी हसायची.

गिऱ्हाइकांशी मी आणखी काय काय बोललोय, ते आठवायचा प्रयत्न केला. फारसं आठवत नाही. वाईट काही बोललो नसेन.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज हिचा फोन लागला. मी म्हटलं, “सासूबाई कशा आहेत?” म्हणाली, “बऱ्या आहेत.” मी म्हटलं, “सुधारणा चांगली आहे त्यांच्या पायात.” म्हणाली, “पायात? हो, हो.”

मग राहवलं नाही. मशीनचं सगळं सांगितलं. ब्लेड, दाब, दुरुस्तीवाला. ही म्हणाली, “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्या माणसाला परत दुकानात घेऊ नका. दाब पहिल्यासारखा करा आणि एक साधा चौकोन काढून कापा. नवीन कोऱ्या फाइलमध्ये.”

“चौकोनाचं काय करू?”

“कापा हो आधी.”

फोन कानाला ठेवूनच चौकोन कापला. मुंडी एकदा फिरली आणि गप्प उभी राहिली. मी म्हटलं, “एकदाच कापलं.”

“मग मशीनला काही झालेलं नाही. जे आहे ते फाइलमध्ये आहे. आता दवाखान्याच्या कापलेल्या अक्षरांवर भिंग धरा. दुसरी रेघ पहिल्या रेघेच्या शेजारी आहे की अगदी तिच्यावर?”

भिंग शोधण्यात वेळ गेला. ही थांबली. तेवढ्या वेळात हिच्या बाजूचे आवाज ऐकू आले. कोणीतरी हाक मारून काही विचारत होतं, ही म्हणाली, “पिवळा रोल वरच्या फळीवर आहे.” मी विचारलं, “कुठे आहेस?”

“इथे एक बोर्डांचं दुकान आहे. दुपारची जाते. त्यांच्याकडे मोठं मशीन आहे, माणूस नव्हतं चालवायला.”

छान झालं. घरी नुसतं बसून माणूस आंबतं. वेळ तरी जातो हिचा.

भिंगातून बघितलं. अगदी तिच्यावर. तसं सांगितलं. ही म्हणाली, “शेजारी असती तर अक्षरांना जाड कड दिली गेली असती, मशीन त्या कडेच्या आतून आणि बाहेरून कापतं. अगदी वर असेल तर एकाखाली एक दोन अक्षरं आहेत. मी एकच ठेवलं होतं. तुम्ही काही केलंत का फाइलला?”

मी म्हटलं, “मी कशाला काय करू?”

“बरं. एक अक्षर माउसने धरून बाजूला ओढा. खाली काय दिसतं ते बघा,” असं म्हणाली आणि तिकडून परत हाक आली म्हणून ठेवला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

ओढलं. ‘डॉ’ बाजूला सरकला आणि खाली दुसरा ‘डॉ’ तसाच.

ती मीच काढलेली प्रत. उमटली नाही असं मला वाटलं ती बरोबर पहिलीच्या अंगावर जाऊन बसली होती. दोन्ही तंतोतंत एकसारख्या, म्हणून दिसत नव्हती. मशीनला दिसत होती. त्याला दोन अक्षरं दिली, ते बिचारं दोन कापत होतं.

वरचं सगळं निवडून पुसलं. कापलं. मुंडी एकदा गेली, परत आली, थांबली. मी खोलीत एकटाच टाळी वाजवून बसलो.

हिला लगेच फोन केला. मी म्हटलं, “आता काही चिंता नाही. माझं मला जमलं. तू मशीनची काळजी करू नकोस, आता कशालाही तुला फोन करायची वेळ येणार नाही.”

तिकडचा मशीनचा आवाज एकदम थांबला. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, “चांगलं झालं.” आवाज थकल्यासारखा होता. मोठ्या मशीनवर उभं राहून काम करावं लागतं, पाय दुखत असतील.

१६ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात सगळं लावून आलो. काचेवर साबणाचं पाणी मारून अक्षरं बसवायची, मग सपाट पट्टीने पाणी बाहेर काढायचं, मग वरची टेप हळूच सोलायची. बारीक अक्षरांपाशी श्वास धरावा लागला. एकही उठलं नाही.

डॉक्टरीणबाई काचेपासून मागे मागे गेल्या, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. मी त्यांना दोनदा कापण्याची हकिकत सांगितली. म्हणाल्या, “बरं झालं नीट केलंत. माझ्या पेशंटना आधीच एकाचे दोन दिसतात, दारावरच तसं लावलं असतं तर त्यांना वाटलं असतं आपण बरे आहोत.”

मग म्हणाल्या, “अक्षर फार सुंदर आहे. कोणाचं?”

नेहमी अशा वेळी मी ‘आमचंच’ म्हणतो. आज म्हटलं, “बायकोचं. मी कापायला होतो फक्त.”

“मग त्यांना उद्या घेऊन या ना.”

मी म्हटलं, सध्या माहेरी आहे. त्यांनी कधी येणार असं विचारलं. मी म्हटलं, “एवढ्यात येईल.” घरी येईपर्यंत तेच डोक्यात. हिने स्वतः तसं काही म्हटलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. बायकोला घरी कधी येणार असं काय विचारायचं?

दवाखान्यातली हकिकत रंगवून सांगावी अशी झाली होती. जेवताना मनात सांगून बघितली. ‘मग?’ कोणी म्हणालं नाही, त्यामुळे मध्येच संपली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन झकास चालतंय. दोन दुकानांची नावं, एका टेम्पोच्या पाठीवरचा मजकूर. सगळं एकेकदा कापलं गेलं. त्यामुळे फोन करायला काही कारण नाही.

काल फोन हातात घेऊन बसलो होतो. काय बोलायचं ते ठरेना. सासूबाईंचा पाय विचारून झाला. आता हवापाणी विचारायचं का? मशीनचं एखादं खोटंच दुखणं सांगावं असं क्षणभर मनात आलं. हिने दोन प्रश्नांत पकडलं असतं.

झेरॉक्सवाल्याला म्हटलं, सासूबाई ठणठणीत आहेत, मशीन ठणठणीत आहे, तरी ही येत का नाही समजत नाही. तो कधी नव्हे ते थट्टा न करता कागद सारखे करत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही या म्हणालात का?”

“म्हणायला कशाला हवं? घर तिचंच आहे.”

“हो,” तो म्हणाला. “तेही सांगितलंय का कधी?”

हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे कागद छापतो आणि वाचतोही, त्यामुळे त्याला भलतंसलतं बोलायची सवय झालीय. रागाने त्याच्याशी बोललो नाही. पण संध्याकाळी कपाट उघडलं तर हिच्या बाजूचे हँगर मोकळे होते, सगळेच्या सगळे. इतके दिवस मी माझ्याच बाजूचं दार उघडत होतो. बराच वेळ तिथे उभा होतो.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज दुकान उघडलं नाही. कामाचा दिवस असून. झेरॉक्सवाल्याने शटर बंद बघून मला फोन केला, जिवंत आहात ना? मी तेव्हा बसमध्ये होतो.

सासूबाईंनी दार उघडलं. पायांत चपला, हातात पिशवी, निघाल्याच होत्या कुठेतरी. मला बघून खाली आपल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “आत या. ती दुकानात आहे.” मी म्हटलं, तिथेच जातो. त्यांनी रस्ता सांगितला आणि म्हणाल्या, “जावईबापू, नीट बोला.” मी केव्हा नीट बोलत नाही?

दुकान मोठं आहे. पुढे काच. काचेतून ही दिसली. मशीन रस्त्याकडे तोंड करून ठेवलंय, त्यामुळे उजेड थेट हिच्या हातांवर. दुकानाचा मालक, पांढऱ्या मिशांचा, कागद घेऊन आला, काही विचारलं. हिने मान हलवून नाही म्हटलं, पेन्सिलने कागदावर काहीतरी दुरुस्त करून दाखवलं. तो “बरं” म्हणून गेला. नुसता “बरं”. मग ही शेजारच्या बाईला काही बोलली आणि दोघी हसल्या. वरचा दाढेकडचा दात दिसेल एवढं हिचं हसणं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. किती दिवसांत, ते आठवेना.

आत जावंसं वाटेना. समोर झाडाखाली बाक होता, तिथे बसलो. ही बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. मग रस्ता ओलांडून आली.

“मशीन परत दोनदा कापतंय का?”

“नाही. एकदाच कापतंय.”

“मग?”

“मग काही नाही. आलो.”

“नुसते?”

“नुसता.”

ही बाकावर बसली, थोडं अंतर ठेवून. दवाखान्याचं विचारलं. मी साबणाच्या पाण्यापासून सांगायला सुरुवात केली. ‘मग?’ म्हणाली. डॉक्टरीणबाई चष्मा काढून काय म्हणाल्या तेही सांगितलं, अक्षर कोणाचं विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. ते ऐकून ही रस्त्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, “तुला आतून सगळं ऐकू यायचं ना? काउंटरवरचं?”

“हो.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही रंगवून सांगायचात. पुन्हा ऐकायला बरं वाटायचं.” जरा वेळाने म्हणाली, “काही काही ऐकून नाही बरं वाटायचं.”

“कुठलं?”

“आज नको.”

मी गप्प बसलो. सहसा मी गप्प बसत नाही. बाकासमोरून एक माणूस सायकल ढकलत गेला, त्याच्या मागच्या चाकात हवा नव्हती, एवढंच लक्षात आहे. मला पुष्कळ बोलायचं होतं. घरी ये, हे तर ओठांवरच होतं. पण तो उजेड, तो ‘बरं’ म्हणणारा मालक डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, “तुला काय करावंसं वाटतंय?”

ही माझ्याकडे वळली. हा प्रश्न मी कुठून आणला, असं बघितल्यासारखं बघितलं.

“मला अजून माहीत नाही,” म्हणाली. “इथे मार्चअखेरपर्यंत कबूल केलंय. पुढचं ठरवलेलं नाही.”

“बरं.”

“रागावलात?”

“नाही.” खरंच राग नव्हता. “पुढच्या रविवारपासून येत गेलो तर चालेल?”

“दर आठवड्याला एवढा प्रवास कोण करतं?”

“चालेल का ते सांग.”

हिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “या,” म्हणाली.

शेवटच्या बसने परत आलो. माझ्या शेजारच्या जागेवर कोणी बसलं नाही, आणि मी खिडकीकडे न सरकता कडेलाच बसून राहिलो.

२७ फेब्रुवारी, बुधवार

झेरॉक्सवाल्याशी बोलायला लागलो. त्याने शनिवारचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आतल्या खोलीची खिडकी कपाटामागे बंद होती, ते कपाट आम्ही दोघांनी मिळून सरकवलं. तावदानं धुतली. दुपारी मशीनवर ऊन पडतं. ऊन व्हिनाइलला चांगलं नाही, रोल दुसरीकडे ठेवावे लागतील.

ही येईल असं गृहीत धरून केलेलं नाही. मीच आता तिथे बसतो.

३ मार्च, रविवार

पहिल्याच बसने निघालो. दाढी करताना हनुवटीला कापलं. काय नेऊ ते कळेना, फुलं नेली असती तर हिने कुठे लपवू म्हणून बघितलं असतं. शेवटी रिकाम्या हातानेच निघालो.

वाटेत टायर बदलायला बस थांबली. बाकीचे खाली उतरून पाय मोकळे करत होते. मी ड्रायव्हरला तीनदा तरी विचारलं असेल, अजून किती वेळ. तो म्हणाला, “कोणी वाट बघतंय का?” मी म्हटलं, “नाही. मी येणार हे माहीत आहे, पण कितीच्या बसने ते सांगितलेलं नाही.”

गाव आलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टँडच्या वळणावर मी उभा राहून दांडी धरली. खिडकीतून ही दिसली. शेडच्या सावलीत, खांबाला टेकून, निळी साडी, येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी डोळे बारीक करून वाचत होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता. बरीच आधीपासून तिथे उभी असावी.

क्षणभर मला वाटलं, कोणाला घ्यायला आली असेल ही?